बदलापूर ते घारापुरी : शिडाच्या नौकेतील एक दिवस

उल्हास नदी बदलापूरजवळून वाहताना समुद्राच्या वाटेवर आहे, हे तीरावरच्या रहिवाशांच्या सहसा ध्यानी येत नाही. बदलापूरकरांना नदी आठवते ती पावसाळ्यात. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि हजारांहून अधिक प्रवाशांना उतरवून घेण्यासाठी होड्या आणाव्या लागल्या, तेव्हा आगगाडीच्या रुळांशेजारी होडी उभी असल्याचे दृश्य या गावाने पाहिले. तो प्रसंग वगळला तर होडी, शीड, सुकाणू हे शब्द येथील संसारात येत नाहीत. धान्याचे भाव, लोकलची वेळ आणि बारवी धरणातील पाणीसाठा हेच येथील नित्याचे विषय.

वस्तुस्थिती मात्र वेगळी आहे. हीच नदी पुढे कल्याणला पोहोचते आणि खाडी होते. ठाण्यापाशी तिचा एक फाटा ठाण्याच्या खाडीला मिळतो व मुख्य प्रवाह वसईकडे जातो. कल्याण हे एके काळी पश्चिम किनाऱ्यावरील नामांकित बंदर होते. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक नाविकांच्या मार्गदर्शिकेत त्याचा उल्लेख आहे. सहाव्या शतकातील कॉस्मस या प्रवाशाने तेथून तांबे, शिसवी ओंडके आणि कापड जात असल्याचे नोंदवले आहे. कान्हेरीच्या लेण्यांतील दानलेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांची नावे आढळतात. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि मराठ्यांच्या आरमाराची जहाजे प्रथम याच खाडीच्या काठी बांधली जाऊ लागली. १८५४ मध्ये आगगाडी कल्याणला आली. त्यानंतर खाडीतील शिडांची ये-जा हळूहळू ओसरली आणि अंबरनाथ, बदलापूर ही गावे मनाने समुद्रापासून दूर गेली.

उल्हासनगरची कथा निराळी, पण तीही पाण्याशीच जोडलेली. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना आश्रय देण्यात आला आणि १९४९ मध्ये त्या छावणीला उल्हासनगर हे नाव मिळाले. या निर्वासितांपैकी असंख्य लोक कराचीहून आगबोटीने मुंबईच्या गोदीत उतरले होते. आज कापडाच्या व तयार कपड्यांच्या व्यापारासाठी ओळखले जाणारे हे शहर जहाजातून उतरलेल्या माणसांनी वसवले आहे.

या तिन्ही शहरांत विखुरलेल्या एका जैन कुटुंबाकडे गेल्या माघ महिन्यात मोम्बासाहून पाहुणे आले. बहिणीचे घर बदलापुरात, थोरल्या मुलाचे कापड दुकान उल्हासनगरात, धाकटी सून अंबरनाथच्या शाळेत शिक्षिका. पाहुणा म्हणजे बहिणीचा सख्खा भाऊ, वय ८१, आणि त्याच्यासोबत २४ वर्षांचा नातू. हे घराणे हालारी वीसा ओशवाळ. जामनगरच्या परिसरातील या समाजाची माणसे १८९९ पासून पूर्व आफ्रिकेत जाऊ लागली, ती प्रथम शिडाच्या वहाणांतून. हिवाळ्यात ईशान्येचा वारा वहाणाला आफ्रिकेकडे नेई आणि पुढे वारा नैऋत्येला फिरला की तोच परत आणी. पंचांग आणि वारा सांभाळून केलेला तो व्यापार होता. याच समाजाच्या दुसऱ्या शाखा भिवंडी, ठाणे, कल्याण या भागात स्थिरावल्या. त्यामुळे एक भाऊ मोम्बासात आणि बहीण बदलापुरात हे या समाजात नवलाचे नाही. मोम्बासा हेही एक बेटच आहे, ही गोष्ट मात्र बदलापूरच्या घरात अनेकांना प्रथमच कळली.

भाऊ १९६१ मध्ये ‘करंजा’ नावाच्या आगबोटीने गेला होता. तेव्हा तो सतरा वर्षांचा आणि बहीण बारा वर्षांची. घर भिवंडीला होते. ‘करंजा’ आणि ‘कंपाला’ या ब्रिटिश इंडिया कंपनीच्या बोटी त्या काळी मुंबई ते पूर्व आफ्रिका अशा चालत आणि निरोपासाठी गोदीत दाटी होई. उरणजवळच्या एका बंदराचे नावही करंजा. बारा वर्षांच्या मुलीने मोठ्यांच्या बोलण्यात ‘करंजा’ एवढेच ऐकले आणि भाऊ खाडीपलीकडच्या गावी जात आहे, संध्याकाळपर्यंत परतेल, असा तिचा समज झाला. घरी परतल्यावर तिने भावाचे ताट वाढून ठेवायला सांगितले, तेव्हा आई का रडली ते तिला कळले नाही. भाऊ त्यानंतर आला तो तेरा वर्षांनी, आईच्या निधनानंतर. नंतरही तो तीन-चार वेळा येऊन गेला. बहीण एकदाही गेली नाही. या वेळी तो येताना एक निमंत्रणपत्र, व्हिसाचा भरलेला अर्ज आणि विमानभाड्याची तजवीज घेऊन आला होता. वयाचा हिशेब त्याने केला होता. तो अर्ज त्याने पहिले चार दिवस खिशातून काढला नाही.

ते चार दिवस पाहुण्यांना गाव दाखवण्यात गेले. अंबरनाथच्या शिवमंदिरासमोर भाऊ बराच वेळ उभा राहिला. शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख असलेले हे मंदिर शिलाहार राजा माम्वाणीच्या काळातील. काळ्या दगडावरील कोरीवकाम झिजले असले तरी शिल्पकाराच्या हाताची सफाई आजही कळते. शेजारून वाहणारी वालधुनी मात्र नदी म्हणावी अशा अवस्थेत उरलेली नाही. कारखान्यांचे आणि वस्त्यांचे सांडपाणी पोटात घेऊन ती उल्हासनगरमार्गे उल्हासला मिळते. पाहुण्याला मंदिर दाखवताना नदीकडे त्याची पाठ राहील अशी जागा यजमान निवडतात, हे तेथे थोडा वेळ थांबणाऱ्या कोणाच्याही लक्षात येईल.

शिलाहारांची एक राजधानी ठाणे आणि दुसरी ‘पुरी’. ही पुरी म्हणजे मुंबईच्या बंदरातील घारापुरी असावी, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. सुनेने हे सांगताच भावाने विचारले, “मग त्या पुरीला शिडाने जाता येईल का?” मोम्बासाच्या जुन्या बंदरात त्याने आयुष्यभर वहाणे पाहिली होती, पण ज्या बंदरातून तो निघाला ते त्याने पाण्यावरून नीट पाहिलेच नव्हते. त्या दिवशी डेकवर इतकी गर्दी होती की त्याला केवळ माणसांच्या पाठी दिसल्या.

बहिणीने प्रथम नकार दिला, आणि त्याला कारण होते. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीला निघालेल्या एका प्रवासी बोटीला वेगवान नौकेची धडक बसून ती उलटली आणि डझनाहून अधिक माणसे प्राणास मुकली. त्या घटनेला दोन महिनेही झाले नव्हते. शेवटी तिने होकार दिला तो अटींवर. प्रत्येकाने जीवरक्षक जाकीट घालायचे व उतरेपर्यंत काढायचे नाही. नौकेवर कोणी गळ टाकायचा नाही. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपलेच पाहिजे. चौथी अट तिने फक्त सुनेला सांगितली : बंदराच्या तोंडाशी कुलाब्याच्या टोकाला जे दीपगृह आहे, त्याच्या पलीकडे नौका जाता कामा नये. सुनेला वाटले, ही वयाची भीती.

दिवस ठरला तो माघ वद्य तृतीयेचा. किनाऱ्यावरची माणसे भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की मुंबईच्या पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. तृतीयेला सव्वादोनच्या सुमारास भरती पूर्ण होणार, म्हणजे सकाळी आठ-साडेआठला पाणी चढू लागणार आणि दुपारनंतर उतरू लागणार. आठम-चौदस पाळणाऱ्या घरांना तिथी तोंडपाठ असते. तीच तिथी समुद्राचेही वेळापत्रक असते, याचे मुलांना मोठे अप्रूप वाटले.

पहाटेच्या लोकलने सहा जण निघाले. बदलापूर ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर सुमारे ६८ किलोमीटर. डब्यात थेपले, खाखरे, सुखडी, मुगाची कोरडी उसळ आणि थर्मासमध्ये उकळलेले पाणी. नवकारशीची वेळ झाल्यावर गेटवेच्या कठड्यापाशी सर्वांनी न्याहारी केली. समोर प्रवासी मोटारबोटींची रांग होती आणि त्यांच्या पलीकडे नांगरलेल्या लहान शिडाच्या नौका. पूर्वी या बंदरात मचवे, पडाव, गलबते, फत्तेमाऱ्या यांची दाटी असे. जैन समाजातील मोतीशाह शेठ हे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात याच बंदरातील मातब्बर जहाजमालक होते. भायखळ्याचे देरासर आणि पालिताण्याची मोतीशाची टूंक त्यांनी बांधविली, हे सर्वांना ठाऊक असते. ते धन जहाजांतून आले, याची आठवण क्वचितच काढली जाते.

नौका आठ माणसांची, दोन शिडांची, मागे एक लहानशी मोटर. तांडेल उरणकडचा कोळी, पन्नाशीचा, मितभाषी. त्याच्यासोबत एक तरुण खलाशी. तांडेलाने आधी वृद्धांना मध्यभागी बसविले, मग दोर कोणी ओढायचा आणि कोणी स्वस्थ बसायचे ते सांगितले, आणि मोटर न लावता शीड चढविले.

पहिल्या तासात नौका फार पुढे गेली नाही. हिवाळ्यात सकाळी जमिनीवरून पाण्याकडे वारा वाहतो. अकरा वर्षांची नात भूगोलाच्या पुस्तकातील ‘मतलई वारे’ हे नाव मोठ्याने उच्चारून मोकळी झाली. घारापुरी गेटवेपासून सुमारे दहा किलोमीटर, ईशान्येच्या अंगाला. म्हणजे वारा नेमका समोरून. शिडाची नौका समोरच्या वाऱ्यात सरळ जाऊ शकत नाही. तिला एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असे तिरके टप्पे घ्यावे लागतात. प्रत्येक वळणाला शिडाचा खालचा दांडा डोक्यावरून फिरतो आणि सर्वांना माना खाली घालाव्या लागतात. मोम्बासाच्या नातवाला हे संथ वाटले. भावाने त्याला सांगितले, “दुकानातही समोरून वारा असला की असेच जावे लागते. भरतीचे पाणी खालून ढकलते आहे, ते दिसत नाही एवढेच.” खरोखरच निम्मा प्रवास भरतीच्या जोरावर झाला.

वाटेत ऑयस्टर रॉक आणि मिडल ग्राउंड ही दोन खडकाळ बेटे लागतात. दोन्हींवर जुनी तटबंदी आहे आणि दोन्ही नौदलाच्या ताब्यात, त्यामुळे ती दुरूनच पाहायची. पुढे जवाहर द्वीप. तेलाच्या टाक्या आणि जहाजे लावण्याचे धक्के यांनी ते व्यापलेले आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये वीज पडून तेथील डिझेलची टाकी पेटली होती आणि ती आग काही दिवस धुमसत होती. एकेका बेटाचा एकेक उपयोग ठरून गेला आहे. मनुष्याला निवांत उतरता येईल असे घारापुरीच उरले आहे.

घारापुरीच्या धक्क्यावरून वर जाण्यास सव्वाशेच्या आसपास पायऱ्या आहेत. दोन्ही वृद्धांनी त्या थांबत थांबत चढल्या. येथील लेणी १९८७ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. सदाशिवाची ती प्रचंड त्रिमुखी मूर्ती पाहिल्यावर बोलणे आपोआप थांबते, आणि तसे ते थांबलेही. तेथील गर्दी आणि माकडांची दांडगाई यांविषयी न लिहिलेलेच बरे. एक गोष्ट मात्र जैन वाचकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याने पुरीवर शेकडो नौकांनिशी चाल केली, ही माहिती मिळते ती इसवी सन ६३४ च्या ऐहोळे येथील शिलालेखातून. तो लेख तेथील जैन मंदिराच्या भिंतीवर आहे आणि त्याचा कर्ता रविकीर्ती हा जैन कवी होता. या बंदरातील नौकायुद्धाची सर्वांत जुनी म्हणता येईल अशी आठवण एका जैन मंदिराने जपून ठेवली आहे. या बेटावरील गावांना समुद्राखालून वीज आली ती २०१८ मध्ये. मुंबईच्या दिव्यांच्या इतक्या जवळ असून त्यांना एवढी वर्षे वाट पाहावी लागली.

तीन वाजता परतीसाठी नौका सुटली. एव्हाना वारा फिरला होता. जमीन तापली की समुद्रावरून वारा येतो. नातीच्या पुस्तकातील ‘खारे वारे’. शिडे भरली, नौका एका अंगावर कलली आणि सकाळी जे अंतर कापायला तीन तास लागले त्यातील निम्मे तासाभरात मागे पडले. भाऊ डोलकाठीपाशी दोर धरून उभा राहिला, तांडेलाने दोनदा बसायला सांगितले तरी. त्याला बॅलार्ड पिअरची बाजू दिसत होती. तो बोटाने दाखवत होता : ती गोदी, तो मनोरा, तेथून बोट सुटली. बहीणही पाहत होती. पण तिला आठवत होता तो धक्का, त्यावरचे ओले दोर आणि वर कठड्याशी उभ्या असलेल्या माणसांत न सापडलेला एक चेहरा.

साडेचारच्या सुमारास वारा पडला. मंदावला असे नव्हे, पडलाच. शिडे लोंबू लागली, पाणी तेलासारखे गुळगुळीत झाले. वृद्धांपैकी कोणाला तरी धवल शेठच्या जहाजांची आठवण होणे स्वाभाविक होते. चैत्र आणि आश्विनाच्या ओळीत श्रीपाळ रास ऐकलेल्या घरांना ती कथा पाठ असते. भरूचच्या बंदरात धवल शेठची पाचशे जहाजे जागची हलेनात. श्रीपाळाने नवपदाचे ध्यान केले आणि ती चालू लागली. पुढे त्याच शेठने लोभापायी श्रीपाळाला समुद्रात ढकलले आणि मगरमत्स्याच्या पाठीवरून तो कोकणात ठाण्याच्या किनाऱ्याला लागला. ठाण्याच्या देरासरात ती स्मृती आजही जपली जाते. विनयविजयजींनी हा रास रांदेर येथे संवत १७३८ मध्ये रचण्यास घेतला आणि त्यांच्या निधनानंतर तो यशोविजयजींनी पूर्ण केला. समुद्र, व्यापार, कर्ज, लोभ आणि आयंबिल हे सारे एकत्र आणणारी दुसरी कथा शोधून सापडणार नाही. सुनेने हळूच विचारले, “बा, नवकार म्हणायचा का?” बहीण म्हणाली, “म्हणा. पण तांडेलाला त्याचे काम करू द्या.”

तांडेल पाण्याकडे पाहत होता. “वारा बसला, शेठ. ओहोटी ओढते आहे. नौका तोंडाकडे चालली.” खरेच, किनाऱ्यावरच्या इमारती हळूहळू उत्तरेकडे सरकत होत्या. कुलाब्याच्या टोकाचे १८७५ मधील प्राँग्ज दीपगृह सकाळी क्षितिजावर काडीएवढे होते. ते आता स्पष्ट दिसू लागले. पौर्णिमेनंतरच्या दोन-तीन दिवसांत ओहोटीचा जोर सर्वाधिक असतो. नातू म्हणाला, “आजोबा, मोटर लावू या. वीस मिनिटांत पोहोचू.” भावाचा हात खिशातल्या पाकिटावर होता. तो काहीच बोलला नाही.

तेव्हा बहिणीने तांडेलाला विचारले, “नांगर टाकला तर नौका येथेच राहील का?” तांडेल म्हणाला, “राहील, आजी. येथे जहाजांची वाट नाही. पण वारा येईलच असे सांगता येत नाही.” “टाका,” ती म्हणाली. नांगर गेला, दोर ताणला आणि नौका नाळ वर करून प्रवाहाच्या समोर उभी राहिली. दोन्ही बाजूंनी पाणी धावत होते आणि नौका स्थिर होती.

भावाने पाकीट काढले. निमंत्रणपत्र, अर्ज, सर्व कागद नीट घडी केलेले. “एकदा ये. देरासर तुझ्या मनासारखे आहे. उकळलेले पाणी, चोविहार, सारे घरच्यासारखे होईल. विमानाने सहा-सात तास.” बहिणीने कागद वाचले, पुन्हा घडी घातली आणि त्याच्या हाती परत दिले. मग तिने जे सांगितले ते सुनेलाही ठाऊक नव्हते. १९७४ मध्ये, आईच्या निधनानंतर त्याच वर्षी, तिने गुरुमहाराजांकडून बारा व्रते घेतली. सहावे व्रत दिशापरिमाणाचे. कोणत्या दिशेला किती जायचे याची मर्यादा श्रावक स्वतः घालतो. आणि तिने समुद्र ओलांडायचा नाही, असे यावज्जीव व्रत घेतले. तेव्हा ती पंचवीस वर्षांची होती. भावाचा तिला राग आला होता की समुद्राचा, हे आता सांगता येत नाही, असे ती म्हणाली.

“मला वाटत होते, तू रुसली आहेस,” भाऊ म्हणाला.

“पहिली काही वर्षे रुसले होते. नंतर नुसते व्रत राहिले.”

नातवाने विचारले, एका दिशेची मर्यादा कमी करून दुसरीकडे वाढविता येत नाही का? हिशेबी घरातल्या मुलाला हे सुचणे साहजिकच. पण शास्त्रकारांनी नेमकी हीच वाट बंद केली आहे. क्षेत्रवृद्धी हा या व्रताच्या पाच अतिचारांपैकी एक मानला जातो. पूर्वेच्या खात्यातून वळते करून पश्चिमेच्या खात्यात भर घालता येत नाही. व्रत मोडण्याचा विषय बहिणीच्या मनात नव्हता आणि भावाने तो काढलाही नाही. त्याने कागद पाकिटात ठेवले आणि पाकीट खिशात. कितीतरी वेळ कोणी बोलले नाही. खलाशी दोराची गाठ तपासून आला.

साडेपाच वाजता बहिणीने डबा उघडला. शहरातील नातलगांकडे पाने वाढली जाणार होती, त्यांना निरोप गेला. नौकेवरच थेपले, सुखडी आणि उरलेली उसळ यांचे जेवण झाले. तांडेलाला आणि खलाशालाही थेपले दिले गेले. तांडेलाने दोन खाल्ले, एक घरी नातवासाठी कागदात बांधून घेतला. बहिणीने भावाच्या हातावर सुखडीचा तुकडा ठेवला आणि म्हणाली, “त्या दिवशी ताट वाढून ठेवायला सांगितले होते, ते हे.” साडेसहाच्या थोडे पुढे सूर्य कुलाब्याच्या इमारतींमागे गेला. त्यापूर्वी बहिणीने थर्मासमधील शेवटचे पाणी पिऊन चोविहाराचे पच्चक्खाण घेतले. भावाने घेतले, आणि ज्याने आयुष्यात कधी घेतले नव्हते त्या नातवानेही घेतले. कदाचित दुसरे काही करता येण्यासारखे नव्हते म्हणून.

वारा आला नाही. अंधार पडू लागताच तांडेलाने नांगर उचलला आणि मोटर लावली. शिडाने पूर्ण प्रवास करण्याचा भावाचा बेत असा शेवटच्या अर्ध्या तासात मोडला, त्याबद्दल त्याने तक्रार केली नाही. दीपगृहाचा दिवा मागे लुकलुकत राहिला. तेवढ्या वेळात तांडेलाने नातीला दोन गाठी मारायला शिकविल्या.

या सहलीस जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. शिडाची नौका ऑक्टोबर ते मे या काळातच घ्यावी. सकाळी लवकर निघावे, कारण अकराच्या सुमारास मतलई वारा थांबून खारा वारा सुरू होईपर्यंत तास-दीड तास नौका रेंगाळते. सोमवारी लेणी बंद असतात. जीवरक्षक जाकीट प्रत्येकाच्या मापाचे आहे की नाही हे धक्क्यावरच पाहावे, विशेषतः मुलांचे. नौकेला मोटर आहे ना, एवढे अवश्य विचारावे. चोविहार करणाऱ्यांनी संध्याकाळचे जेवण सोबत ठेवावे; किनाऱ्यावर पोहोचून जेवू, या हिशेबावर विसंबू नये.

रात्री नऊच्या लोकलला गर्दी कमी होती. ठाण्यानंतर मुंब्र्याजवळ रुळांच्या कडेला खाडी येते. पाणी तळाला गेलेले, चिखलात एक होडी कुशीवर पडलेली. नातीने खिडकीतून विचारले की हे पाणी आपल्या नदीचे का. सून म्हणाली, काही आपल्या नदीचे, काही समुद्राचे; दिवसातून दोनदा त्यांची अदलाबदल होते. कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ गेले. भाऊ डोळे मिटून बसला होता, झोपलेला नव्हता. बदलापूर येण्यापूर्वी त्याने नातवाला विमानाच्या परतीच्या तिकिटाविषयी विचारले. तिकीट पुढच्या बुधवारचे होते.

“बदलता येते का?”

“येते. थोडे पैसे जातील.”

“चैत्राची ओळी होईपर्यंतचे कर,” तो म्हणाला. “नऊ आयंबिल करीन म्हणतो. हिला विचार, रास कोणत्या उपाश्रयात वाचतात.”